ताडपत्री धुवायची कुणी?

पुण्याच्या रविवार पेठेतली बोहरी आळी एरवी दोरखंड, खिळे, बादल्या आणि प्लास्टिक विकते. मे महिना सरत आला की ती ताडपत्री विकते आणि बाकीचं सगळं नाइलाजानं विकते. दारात निळ्या, पिवळ्या, काळ्या थप्प्या लागतात आणि त्यांच्यासमोर घाम पुसत माणसं उभी राहतात. ७ जूनच्या सुमाराला मृग लागतं, हे भिंतीवरच्या कॅलेंडरात जानेवारीपासून छापलेलं असतं. आपल्याला ते कळतं पहिला थेंब डोक्यावर पडल्यावर, आणि तोही घरात टीव्ही बघत बसलेलं असताना.

"एक ताडपत्री द्या."

"किती बाय किती?"

गिऱ्हाईक दोन्ही हात फाकवून दाखवतं. शेजारच्याचा चष्मा थोडक्यात वाचतो. "एवढी. म्हणजे, याच्यापेक्षा जरा मोठी."

"किती जीएसएमची?"

इथं भल्याभल्यांची बोलती बंद होते. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. एवढं साधं गणित आहे, पण ते दुकानदारानं विचारलं की आपण दहावीला नापास झाल्याची भावना येते. अठरा बाय चोवीस फुटांची ताडपत्री म्हणजे चाळीस चौरस मीटर. ती १२० जीएसएमची घेतली तर पाच किलोला थोडी कमी भरते आणि २०० ची घेतली तर आठ किलो. थोडक्यात, ताडपत्री डोळ्यांनी बघून घेऊ नये, काट्यावर टाकून घ्यावी. शिवाय अठरा बाय चोवीस हे कापडाचं माप. कडा दुमडून, शिवून, रिंगा मारून हातात येते ती काही इंच कमीच. नेमकी तेवढ्याच इंचांतून पुढं चार महिने गळती होते.

पण गिऱ्हाईक काट्याकडं बघत नाही. ते अंगठा आणि बोटाच्या चिमटीत ताडपत्री धरून चोळून बघतं, उजेडाकडं धरतं, वास घेतं आणि विचारतं, "टिकेल ना?"

"किती वर्षं टिकायला पाहिजे?"

"छे हो, वर्षं कसली? दोन-चार महिन्यांचा प्रश्न आहे. तात्पुरती पाहिजे."

त्या एका शब्दात ताडपत्रीची कुंडली मांडून होते. कायमच्या वस्तूला आपण फार जपतो. सोफ्याला कव्हर घालतो, कव्हर मळू नये म्हणून वर चादर घालतो, टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून बटणं वरूनच चाचपतो. तात्पुरत्या वस्तूला मात्र कुणी पुसतसुद्धा नाही. ताडपत्री धुतली, वाळवली, घडी घालून ठेवली, म्हणजे ती पुढच्या वर्षीही लागणार हे कबूल केल्यासारखं होतं. आणि ती पुढच्या वर्षी लागणार म्हणजे छत पुढच्या वर्षीही गळणार. हा कबुलीजबाब द्यायला घरातलं कुणीच तयार नसतं. म्हणून ताडपत्री न धुता कोपऱ्यात कोंबायची आणि पुढच्या मे महिन्यात, "अरे, ही खराब कशी झाली?" असं आश्चर्य करायचं.

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पाण्याची टाकी आणि जिन्याची खोली यांच्यामध्ये एक भेग आहे. ती भेग आता सभासद झाली आहे, फक्त मेंटेनन्स भरत नाही. तिच्यावर इलाज म्हणजे वॉटरप्रूफिंग. पण ते जूनमध्ये करता येत नाही, कारण पाऊस असतो, आणि ऑक्टोबरमध्ये कुणाला आठवत नाही, कारण पाऊस नसतो. म्हणून टाकीच्या खांबापासून जिन्याच्या खोलीपर्यंत दरवर्षी ताडपत्री ताणतात. ताणतात हे म्हणायचं. एका टोकाला सुतळी, दुसऱ्याला नायलॉनची दोरी, तिसऱ्याला कुणाच्या तरी जुन्या पायजम्याची नाडी आणि चौथ्याला तार. तार कधी बांधू नये. वाऱ्यानं ताडपत्री फडफडली की तार रिंगेला कापते, रिंग कापडातून निघते आणि मग उरतं ते नुसतं भोक, ज्यातून आकाशाचा निळा रंग आणि ताडपत्रीचा निळा रंग यांतला फरक स्पष्ट दिसतो.

जिथं बांधता येत नाही तिथं वजन ठेवतात. गच्चीवरच्या ताडपत्रीवर ठेवलेल्या वजनांवरून इमारतीचा इतिहास लिहिता येईल. फुटकी तुळशीवृंदावनं, कुणी मिक्सर घेतल्यावर निवृत्त झालेला पाटा, बाथरूम नवं केलं तेव्हाच्या फरशा, एक भारतीय बैठकीचं भांडं आणि स्कूटरचा टायर. यातला टायर तेवढा योग्य. तो मऊ असतो, टोचत नाही. बाकी प्रत्येक वस्तू आपापल्या कोपऱ्यानं ताडपत्रीला भोक पाडते आणि मग त्या भोकावर ठेवायला आणखी एक फरशी आणली जाते.

खरा खेळ आषाढात सुरू होतो. ताडपत्रीला ढाळ पुरेसा नसला की मधोमध पोट सुटतं. हे पोट दिसायला निरुपद्रवी असतं. पण एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि जेमतेम दहा सेंटिमीटर खोल पाणी म्हणजे शंभर लिटर, म्हणजेच शंभर किलो. डोक्यावर एक धडधाकट पैलवान झोळीत झोपलाय आणि झोळी पायजम्याच्या नाडीनं बांधली आहे, असा प्रसंग. तेवढ्यात कुणीतरी हातात केरसुणी घेऊन येतं. केरसुणी उलटी धरून दांड्यानं पोटाला खालून ढोसायचं, ही आपली राष्ट्रीय पद्धत आहे. लग्नाच्या मांडवात, गणपतीच्या मांडवात, भाजी मंडईत, सगळीकडं हेच चालतं. ढोसलेलं पाणी नेमकं कुठं पडणार हे भौतिकशास्त्राला ठाऊक असेल, ढोसणाऱ्याला नसतं. ते त्याच्यावर पडत नाही एवढं मात्र नक्की. पडतं ते "जरा जपून हं," असं सांगणाऱ्यावर.

दांड्याच्या टोकाला चिंध्या गुंडाळून बांधल्या तर निदान भोक तरी पडणार नाही. आणि मुळातच बांबूचा कणा घालून दोन्हीकडं भरपूर ढाळ दिला, तर पोट सुटणारच नाही. कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. त्याची कौलंच उतरती. पण तिथंही मे महिन्यातली शाकारणी आता जड जाऊ लागली आहे. कौलं उतरवून, झाडून, फुटकी बदलून पुन्हा लावणारी माणसं मिळत नाहीत, आणि जी कौलं लागतात ती माकडं फोडतात. म्हणून मंगलोरी कौलांवर निळी ताडपत्री, पडवीच्या पुढं झावळ्यांच्या झडपांच्या जागी निळी ताडपत्री. माकडांना ती आवडते. पाय घसरत नाहीत म्हणतात.

शहरात आता ताडपत्रीला एक फुकटचा पर्याय निघाला आहे तो म्हणजे फ्लेक्स. वाढदिवस झाला, निवडणूक झाली, की भावी आमदार खांबावरून उतरतात आणि झोपडीवर, टपरीवर, कांद्याच्या ढिगावर चढतात. पीव्हीसीचं जाड कापड, चांगलं टिकतं. लोकप्रतिनिधीनं जनतेच्या डोक्यावर छप्पर दिल्याचं इतकं शब्दशः उदाहरण दुसरं नसेल. फक्त धुताना पंचाईत होते. आमच्या कोपऱ्यावरचा चहावाला टपरीवरचा फ्लेक्स धुतो तेव्हा साहेबांचा चेहरा वगळून धुतो. घासला तर रंग जातो, न घासला तर कबुतरं आहेतच, आणि दोन्हीकडून कार्यकर्ते रागावण्याची भीती. शेवटी त्यानं साहेबांना पालथं घातलं. आता चहा पिताना वर पाहिलं की साहेब आपल्याकडं बघून हात जोडत असतात.

ताडपत्री खरी सांभाळतो तो शेतकरी, कारण त्याच्या लेखी ती तात्पुरती नाही. लातूरकडं माझा चुलतभाऊ सोयाबीन करतो. काढणी आणि परतीचा पाऊस यांची गाठ ठरलेलीच. त्याच्या ताडपत्रीच्या कोपऱ्यावर ऑइलपेंटनं नाव आहे, कारण लग्नाला, बाराव्याला, मळणीला ती गावभर फिरते आणि नाव नसलं तर परत येताना धाकटी होऊन येते. गंजीवर ती टाकायची कधी हे तो आभाळ बघून ठरवतो. पण काढायची कधी, यात त्याचं खरं कसब. ऊन पडलं की झाकलेल्या मालाला खाली वाफ धरते, आतलं धान्य तापतं, काळं पडतं, कोंब धरतं. म्हणून ऊन दिसलं की उघड, ढग दिसला की झाक. घरातल्या माणसांची निम्मी करमणूक आणि सगळी झोप यात जाते.

मळणी झाली की तो ताडपत्री आधी झटकतो, मग धुतो. शिवणीत अडकलेला एकेक दाणा काढतो. मी म्हणालो, "एवढे चार दाणे राहिले तर काय बिघडतं?" तो म्हणाला, "दादा, ते चार दाणे खायला उंदीर येतो, आणि उंदराला ताट सोडून दाणा खाता येत नाही." मग कोरडी ठाक झालेली ताडपत्री गुंडाळून पत्र्याच्या शेडात तुळईला टांगतो. मार्चमधली गारपीट आली की त्याची ताडपत्री हाताशी असते. आमची लिफ्टच्या मशीनरूममध्ये असते आणि मशीनरूमची किल्ली जुन्या सेक्रेटरीकडं असते.

आता धुण्याचं शास्त्र. ते फार साधं आहे, म्हणूनच त्यावर मतभेद आहेत. प्लास्टिकची ताडपत्री म्हणजे पॉलिथिनच्या बारीक पट्ट्यांचं विणलेलं कापड आणि त्यावर दोन्ही बाजूंनी पॉलिथिनचाच पातळ थर. पाणी अडवतो तो थर; विणकाम नुसतं बळ देतं. म्हणून हा थर खरवडायचा नाही. आधी कोरडी झाडायची, मग साधं पाणी मारायचं, मग सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश, मग पुन्हा साधं पाणी. झालं. पण गच्चीवर जमलेल्या तज्ज्ञांना एवढ्यानं समाधान कुठलं? एकजण ब्लीचिंग पावडर आणतात. दुसरे डांबराच्या डागासाठी रॉकेल सुचवतात आणि आता रॉकेल मिळतं कुठं यावर पंधरा मिनिटं घालवतात. कुणीतरी तारेची घासणी घेऊन शेवाळावर तुटून पडतं; शेवाळ निघतं, थरही निघतो आणि ताडपत्रीची चाळणी होते. वॉशिंग मशीनमध्ये टाकून बघू, असं म्हणणाराही निघतो. त्याच्या घरी मशीन नसतं.

तळमजल्यावरचे काका ट्रान्सपोर्टमध्ये होते. त्यांच्या काळची ताडपत्री म्हणजे ट्रकवरची खाकी-हिरवी, मेणाचा वास येणारी सुती कॅनव्हासची. ओली झाली की चार माणसांना उचलायची नाही. ते प्रत्येक वेळी सांगतात, "साबण लावू नका, मेण जाईल!" कॅनव्हासच्या बाबतीत हे शंभर टक्के बरोबर आहे. साबणानं तिचं मेण उतरतं आणि ओली असताना घडी घातली तर बुरशी सूत खाऊन टाकते. पावसात तिला खालून बोट लावलं तरी तिथून थेंब झिरपायला लागतो, हेही खरं. पण समोर अंथरलेली असते ती प्लास्टिकची. काकांना हे सांगायची कुणाची छाती नाही, म्हणून त्यांच्यादेखत साध्या पाण्यानं धुतात आणि ते जेवायला गेले की साबण काढतात.

ठिगळाचीही तीच गत. घरोघरी आधी गोंद बाहेर येतो. गोंद पॉलिथिनला धरत नाही. वाळला की अखंड पापुद्रा निघून येतो. आश्चर्य वाटायचं कारण नाही. गोंदाच्या बाटल्या बहुतेक त्याच जातीच्या प्लास्टिकच्या असतात. चिकटायचा असता तर आधी बाटलीलाच चिकटला असता. त्याच कापडाचा तुकडा वर ठेवून, मध्ये बटरपेपर घालून इस्त्री फिरवली तर ठिगळ बसतं. फक्त पॉलिथिन ११० ते १३० अंशांच्या दरम्यान वितळतं आणि 'सुती'वर ठेवलेली इस्त्री दोनशेच्या घरात जाते. मग ठिगळ होत नाही, खिडकी होते. आणि घरातली इस्त्री वापरली असेल तर पुढचं सगळं आयुष्य शर्टांवर निळी छटा.

धुतल्यावर वाळवायची ती दोन्ही बाजूंनी, शिवणीसकट. पण उन्हात वाळत घातली आणि तशीच विसरली, असं करायचं नाही. ताडपत्री पावसानं मरत नाही, उन्हानं मरते. उन्हातले अतिनील किरण पॉलिथिनचा चुरा करतात. उन्हाळाभर गच्चीवर राहिलेली ताडपत्री मे महिन्यात हातात घेतली की तिचे निळे कपचे पडतात. काळी त्यातल्या त्यात तग धरते, कारण तिच्या रंगातला कार्बन ऊन स्वतःच्या अंगावर घेतो.

आणि मग घडी. घडी घालायला दोन माणसं लागतात आणि दोघांचं पटावं लागतं. हल्ली लग्न ठरवताना पत्रिका बघतात, रक्तगट बघतात. माझं मत असं, की दोघांना एक अठरा बाय चोवीसची ताडपत्री द्यावी आणि घडी घालायला सांगावी. एकानं लांबी धरायची, तर दुसरा रुंदी धरतो. एक उजवीकडून आत येतो, दुसरा डावीकडून, आणि मध्ये भेटतात तेव्हा ताडपत्रीला पीळ पडलेला असतो आणि दोघंही, "मी बरोबरच धरली होती," म्हणत असतात. वर बायकोचं म्हणणं, नऊवारी पातळाची घडी तुमच्या आईनं एकटीनं घातली. त्या पातळाला रिंगा नव्हत्या, एवढंच नवऱ्याला सुचतं. त्यातून नियम असा, की दरवर्षी त्याच घडीवर घडी पडू द्यायची नाही. मोड पडतो तिथंच थर चिरतो. घडीची जागा बदलावी किंवा सरळ पाइपावर गुंडाळून ठेवावी. हे मोठ्यानं वाचून दाखवायची वेळ मात्र निवडावी लागते. घडी चालू असताना नव्हे.

तर शास्त्र सगळ्यांना ठाऊक असतं. अडतं ते एका ठिकाणी, आणि ते ठिकाण म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभा. सहकारी सोसायटीला ती कायद्यानं ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणून आमची ३० सप्टेंबरलाच होते. हॉल नाही, म्हणून गच्चीवर, आणि पावसाचा भरवसा नाही, म्हणून त्याच ताडपत्रीखाली. विषयपत्रिकेवर पाचवा विषय, 'गच्चीच्या गळतीबाबत विचारविनिमय करणे.' वॉटरप्रूफिंगची तीन कोटेशनं वाचून दाखवली जातात. तिन्ही लाखांत. सभा एकदम शांत होते. मग कुणीतरी म्हणतं, "पाऊस तर संपलाच की आता. एवढी घाई कशाला?" सगळ्यांच्या माना डोलतात. वर पोटातलं पाणीही डोलतं.

लेखापरीक्षकांचा एक शेरा असतो. ताडपत्री 'तात्पुरता खर्च' या सदरात दाखवली आहे, आणि हे सदर दरवर्षीच्या हिशेबात आहे, तर याचा खुलासा करावा. खजिनदार उभे राहून खुलासा करतात, की खर्च तात्पुरताच आहे, तो दरवर्षी होतो एवढंच. शेरा निकालात निघतो.

मग ठराव. 'वॉटरप्रूफिंगचा विषय पुढील सभेपर्यंत तहकूब करण्यात येत आहे. तोपर्यंत असलेली ताडपत्री हस्त संपल्यावर उतरवून, स्वच्छ धुऊन, वाळवून ठेवण्यात यावी.' सूचक मिळतो, अनुमोदक मिळतो, हात भराभर वर जातात. आणि सेक्रेटरी विचारतात, "धुवायला कोण कोण येणार?"

तिसऱ्या मजल्यावरच्यांच्या गॅसवर दूध असतं. पाचव्या मजल्यावरच्यांना मुलीचा फोन येतो, आणि ती अमेरिकेत असल्यामुळं तो घ्यावाच लागतो. काकांना साबणाचा निषेध म्हणून उठावं लागतं. पाहता पाहता कोरम जातो. पण आमची नोटीस पक्की असते. तिच्यात छापलेलंच असतं, की कोरमअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासानं त्याच ठिकाणी भरेल आणि तिला कोरमची अट राहणार नाही. त्याप्रमाणे ती भरते. सभेला कोरम लागत नसला तरी ताडपत्रीला कोपरे चार असतात. सेक्रेटरी, खजिनदार आणि मी धरून तीन होतात. चौथ्या कोपऱ्यासाठी खजिनदार वॉचमनला हाक मारतात, तर तो खालूनच ओरडून विचारतो, "साहेब, मी मेंबर आहे का?"